दोन गुंजांची नळी

आमच्या घरात सध्या एकाच वस्तूचं वजन उतरतंय, आणि ती वस्तू मी नाही. डॉक्टरांनी मला आठ किलो कमी करायला सांगितलंय. त्या आघाडीवर प्रगती बेताचीच आहे. पण वीतभर लांबीच्या एका लाकडी नळीतून मी आजवर चाळीस मिलिग्रॅम काढलेत. ही बातमी मी डॉक्टरांना मोठ्या उत्साहाने दिली, तेव्हा त्यांनी काही न बोलता माझा रक्तदाब पुन्हा एकदा मोजला.

नळी कसली, ते आधी सांगतो. रबरावर उडणारं विमान तुम्ही जत्रेत कधीतरी घेतलेलं असेल. थर्माकोलचे पंख, पुढे प्लॅस्टिकचा पंखा, पोटाखाली रबर. पंखा बोटाने फिरवून रबराला पीळ भरायचा आणि सोडून द्यायचं. विमान शेजाऱ्यांच्या पत्र्यावर जाऊन बसतं आणि विषय संपतो. शहाणी माणसं इथेच थांबतात. पण या विमानांचं एक खानदानी घराणंही आहे. ते उघड्यावर उडतच नाही, कारण बाहेरची झुळूक त्याला सोसत नाही. त्याला वर छत लागतं, चारी बाजूंनी भिंती लागतात आणि आसपासच्या माणसांनी श्वासही जपून घ्यावा, अशी त्याची अपेक्षा असते. एफ-वन-डी हे त्याचं नाव. पंखांचा पसारा फार तर 55 सेंटिमीटर, वजन 1.4 ग्रॅम, आणि इंधन म्हणून रबर, तेही जास्तीत जास्त 0.4 ग्रॅम. एवढ्या भांडवलावर हे विमान अर्ध्या तासाच्या आसपास हवेत हिंडतं. रबरावर बंधन नव्हतं त्या काळात काही पठ्ठ्यांनी एका तासाच्या वर उडवून दाखवलंय. जुन्या हिशेबात 1.4 ग्रॅम म्हणजे साडेअकरा गुंजा. तोळाभर सोन्याच्या वजनात अशी आठ विमानं बसतात आणि वर थोडं सुटं उरतं.

या विमानाचं इंजिन म्हणजे रबराचा फास. फासाचं एक टोक पुढे पंख्याच्या आकड्यात, दुसरं मागच्या आकड्यात, आणि दोन्ही आकडे जिच्यावर बसवलेत ती आपली नळी. जाणकार तिला मोटर ट्यूब म्हणतात. तिचं काम एकत्र कुटुंबातल्या कर्त्या माणसाचं: दोन्ही टोकांनी ओढून घ्यायचं, मधल्यामध्ये पीळ सोसायचा, वरचे पंख तोलून धरायचे आणि वाकायचं म्हणून नाही. वाकली तर पंखांचा कोन बदलतो, विमान नाक उडवतं, थबकतं आणि खाली येतं. एवढं सगळं करून तिने स्वतः भरायचं किती? दोन गुंजांच्या आत. पुरता पाव ग्रॅमसुद्धा नाही.

आता पाव ग्रॅम मोजायचा कुठे, हा प्रश्न आला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नळी ठेवली की तो शून्य दाखवायचा. उचलली तरी शून्यच. म्हणून नळी आगपेटीत कापूस घालून निजवली आणि सराफाकडे गेलो.

काउंटरवरच्या मुलाने सवयीने विचारलं, "काय मोडायचंय?"

"मोडायचं नाही हो. मोडू नये म्हणूनच आलोय."

त्याने आगपेटी उघडली, कापूस चाचपला आणि म्हणाला, "काका, यात काही नाहीये."

"आहे. फुंकर मारू नका. नीट बघा."

"हे... लाकूड आहे?"

"बाल्सा."

मागे मंगळसूत्र घेऊन उभ्या असलेल्या एक बाई पुढे वाकून बघू लागल्या. "आमच्याकडे लाकूड वखारीत मोजायचे," त्या म्हणाल्या. मुलगा भला होता. त्याने काचेच्या पेटीतला हिऱ्यांचा काटा काढला, चिमट्याने नळी त्यावर ठेवली, आणि आकडा स्थिर होईपर्यंत पेढीतली सगळी माणसं आपापलं सोनं विसरून त्या काट्याकडे बघत राहिली. "एक कॅरेट वीस सेंट," त्याने जाहीर केलं. म्हणजे 0.24 ग्रॅम.

"घडणावळ किती पडली?" बाईंनी विचारलं.

"घरीच केलीय."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेतून माझ्या बायकोला मूक सहानुभूती पोहोचली असावी.

रोज सराफाकडे जाणं बरं दिसेना, म्हणून मिलिग्रॅम दाखवणारा काटा घरी आणला. हा काटा अत्यंत हळवा. पंखा चालू असला की आकडे नाचतात. समोर कुणी बोललं तरी बिघडतात. त्यामुळे ऐन वैशाखात आमच्या घरात वजनाच्या वेळी पंखे बंद, खिडक्या बंद आणि संभाषण बंद असा नियम झाला.

"किती भरलं रे?" आई दाराबाहेरून विचारायची.

"दोनशे दहा मिलिग्रॅम."

"आणि आम्हाला घाम किती आला, तेही एकदा मोजून ठेव."

खरी मौज सुरू झाली ती नळी कशाची करावी यावरून. आपल्याकडे लग्न, आजार आणि घराचं रंगकाम या विषयांत सल्ला देणाऱ्यांची वाण नाही, हे माहीत होतं. पण दोन गुंजांच्या नळीबद्दलही प्रत्येकाचं ठाम मत असतं, हे मला नवीन होतं. ज्यांनी हा शब्द मिनिटापूर्वी पहिल्यांदा ऐकला, त्यांचं मत सर्वांत ठाम.

मेहुणे म्हणाले, "त्यात काय एवढं? स्ट्रॉ लाव." स्ट्रॉ पोकळ असतो, गोल असतो आणि फुकट मिळतो, एवढे तिन्ही मुद्दे त्यांनी एका दमात मांडले. पण प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर 2022 च्या जुलैपासून देशभर बंदी आहे. शोधाशोध करून माळ्यावरच्या वाढदिवसाच्या सामानातून एक जुना निघाला, तर त्याचंच वजन 0.4 ग्रॅमच्या घरात. म्हणजे जेवढं सगळं रबर लावायची परवानगी, तेवढं एकट्या नळीनेच खाल्लं. कागदी स्ट्रॉ त्याहून जड, आणि त्याचा कणा कोल्ड कॉफी संपायच्या आत राजीनामा देतो. एका हॉटेलात मी कॉफी न मागता नुसते दोन-चार स्ट्रॉ मागितले. वेटरने आत जाऊन मॅनेजरला बाहेर आणलं. मॅनेजरने मला पाणी दिलं.

मग मेहुण्यांनी दुसरं अस्त्र काढलं. "कार्बन फायबर घे. रॉकेटला तेच वापरतात."

आता मेहुण्यांना आकडेमोड समजावून सांगणं म्हणजे घरातली शांतता पणाला लावणं. तरी सांगितली. कार्बन ताकदीला जबरदस्त, पण हलक्या बाल्साच्या तुलनेत तो वीस पटींहून जड. वजन तेवढंच ठेवायचं, तर नळीची भिंत केसाच्या पाव जाडीची करावी लागेल. इतकी पातळ भिंत ओढल्याने तुटणार नाही, पण दाबाखाली ती चुरगळते. बाल्सा कमजोर खरा, पण तेवढ्याच वजनात त्याची भिंत चांगली जाड ठेवता येते, आणि वाकायला, चुरगळायला विरोध करते ती जाडी. मेहुण्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे जाड माणसाचाही काही उपयोग असतो तर." मी विषय बदलला.

आपल्या मातीत काहीतरी सापडेल, या विचाराने मी मग देशी साहित्याकडे वळलो. फुलझाडूच्या काड्या पाहिल्या. दर पेराला गाठ. मोरपिसाचा दांडा उत्तम, पण एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला नाहीसा. गावाकडून येताना जोंधळ्याची धांडं आणली. त्यांच्यातून एक एक करून प्रवासी बाहेर पडू लागले आणि बायकोने ती गच्चीत नेऊन टाकली. त्याच दिवशी तिने विचारलं, "अहो, झाडू इतका विरळ कसा झाला?"

"काही काड्या प्रयोगाला घेतल्यात."

"लक्ष्मी असते ती! तिचे केस उपटून विमान करताय?"

शेवटी कुणीतरी भेंडाचं नाव काढलं. बाशिंगं आणि मखरं करतात तो पांढराशुभ्र, बोटाने दाबला तर खड्डा पडेल असा वनस्पतीचा गाभा. हातात घेतल्यावर काही घेतलंय असं वाटत नाही. मी बाशिंगवाल्याकडे गेलो.

"कुणाचं लग्न?" त्याने विचारलं.

"विमानाचं आहे."

त्याने वर पाहिलं. "मुलीकडचे की मुलाकडचे?"

भेंडाची नळी वजनात अप्रतिम उतरली. काट्यावर ठेवली तेव्हा मला क्षणभर आपण इतिहास घडवतोय असं वाटलं. मग रबर चढवलं, पीळ भरायला घेतला, आणि निम्म्यातच ती मध्यावर काटकोनात दुमडली. गुडघ्याला बाशिंग बांधलेले लोक पुष्कळ पाहिलेत. बाशिंगालाच गुडघा फुटलेला मी प्रथमच पाहिला.

गाडी पुन्हा बाल्सावर आली. जगभरची मंडळी फिरून फिरून तिथेच येतात. हे झाड मुख्यतः इक्वाडोरहून येतं, भराभर वाढतं, आणि वनस्पतिशास्त्रात त्याची गणना कठीण लाकडांत होते. यावरून शास्त्रज्ञांनाही विनोदाचं अंग असतं, हे सिद्ध व्हावं. पण बाल्सा बाल्सात फरक असतो. घनमीटरला साठ किलोचाही बाल्सा असतो आणि अडीचशे किलोचाही, आणि दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. एकाच पट्टीचं एक टोक हलकं आणि दुसरं जड असंही होतं. शिवाय चिरण्याची तऱ्हा वेगळी. एका तऱ्हेने चिरलेली पट्टी आडवी सहज वळते, तिची नळी करायची. दुसऱ्या तऱ्हेने चिरलेली आडवी वळवली की कडकन मोडते, ती पंखांच्या बरगड्यांना चांगली. म्हणून दुकानात गेलं की प्रत्येक पट्टी उजेडात धरायची, वाकवून बघायची, काट्यावर तोलायची.

"साहेब, सगळा माल एकच आहे," दुकानदार कंटाळून म्हणायचा.

"ही 62 आहे, ती 95."

"किंमत तर दोन्हीची सारखीच आहे ना?"

"म्हणूनच तर निवडतोय!"

मी निवडलेल्या पट्ट्या बाजूला ठेवून पाणी प्यायला गेलो की दुकानदार त्या पुन्हा गठ्ठ्यात मिसळून ठेवायचा. हा त्याचा सूड होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

नळी वळण्याची कृती मात्र सुग्रणीची. पट्टी घासून घासून 0.4 मिलिमीटरवर आणायची. तोवर घरातल्या प्रत्येक वस्तूवर बाल्साचं पीठ बसतं आणि आईच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण गोरा होतो. मग पट्टी गरम पाण्यात भिजवायची, गोल दांड्यावर गुंडाळायची, वरून कागदाची पट्टी आवळायची आणि मंद आचेच्या ओव्हनमध्ये सुकवायची. दांडा सहा मिलिमीटरचा हवा. लाटणं फार जाड, पेन्सिल षट्कोनी. अखेर आईची स्वेटर विणायची चार नंबरची सुई बरोब्बर सहा मिलिमीटरची निघाली. तिच्यावर त्या वेळी नातवाच्या स्वेटरची एक बाही होती. बाही मी दुसऱ्या सुईवर अलगद उतरवून ठेवली. ती सुई कमी जाडीची असल्यामुळे पुढची बाही घट्ट झाली, आणि आता तो स्वेटर घातला की मुलाचा एक हात निळा पडतो.

ओव्हनवरून बायकोशी रीतसर करार झाला. तिची नानकटाई आधी, माझी नळी नंतर. एकदा क्रम चुकला. पाहुण्यांनी नानकटाईचा पहिला घास घेतला आणि म्हणाले, "वा! वेगळीच चव आहे. बदाम घातलेत का?"

"इक्वाडोरचे आहेत," बायकोने गंभीरपणे सांगितलं.

ओव्हनमधून निघालेल्या नळीची शिवण गोंदाने सांधायची. गोंद इतका पातळ हवा, की लावला की नाही याबद्दल लावणाऱ्यालाच शंका यावी. मग नळीला बळ द्यायला लांबीच्या बाजूने बोरॉनचे धागे चिकटवायचे. बोरॉनचा धागा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा, पण अस्सल लढाऊ घराण्यातला. अमेरिकेच्या एफ-14 आणि एफ-15 विमानांच्या शेपटांत हेच बोरॉन वापरलंय. तो लवत नाही, ऐकत नाही आणि बोटात शिरला की निघत नाही. त्या आठवड्यात मी ऑफिसात सह्या डाव्या हाताने करत होतो. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "फायटर विमानाचा भाग घुसलाय." तेव्हापासून साहेब माझ्याशी थोड्या आदराने बोलतात.

पंखांवरचा पडदा तर अर्ध्या मायक्रॉनचा, केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ. जुने लोक तो घरीच करत. पाण्यावर नायट्रोसेल्युलोजचं द्रावण ओतायचं, ते पसरून सुकलं की पडदा उचलायचा आणि चौकटीला चिकटवायला चक्क थुंकी लावायची. हे समजल्यापासून मुलाने शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासालाही तीच पद्धत सुरू केली. बाईंची चिठ्ठी आली. चिठ्ठीला उत्तर लिहिताना 'जागतिक दर्जाचे विमानकारसुद्धा' असे शब्द मी घातले होते. बायकोने ते खोडले.

रबराबद्दल तर बोलायलाच नको. या क्षेत्रात मे 1999 मध्ये निघालेल्या एका अमेरिकन रबराच्या तुकडीचं नाव लोक कानाला हात लावून घेतात. तितकी ताकद पुन्हा कुठल्या तुकडीत आली नाही म्हणे. ज्यांच्याकडे ते उरलंय, ते थंड, अंधाऱ्या जागी जपून ठेवतात आणि मृत्युपत्रात ते कुणाच्या नावावर करायचं याचा विचार करतात. मला त्यातलं हातभर मिळालं. ते मी कपाटात बायकोच्या पैठणीशेजारी ठेवलं. दोघींपैकी कुणाला आधी हात लावायचा नाही, हे माझ्या मुलाला नीट ठाऊक आहे.

या रबराला तेल चोळायचं, दातेरी चाकांच्या यंत्रावर लांब ताणायचं आणि हजारावर पीळ भरायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणतात. रबराचं उलट असतं. पीळ जायच्या आधी सुंभच जातो. आणि तो ज्या आवाजाने जातो, त्याने पलीकडच्या खोलीत जप करणाऱ्या आईची माळ थेट मेरुमण्यावर येते.

एवढं सगळं जमवून आणलं, तोवर आषाढ लागला. कोरडं लाकूड हवेतलं पाणी शोषतं, हे शाळेत शिकलो होतो. पण वैशाखात 200 मिलिग्रॅम भरलेली नळी कुणी हात न लावता जड व्हायला लागली, तेव्हा ते काळजाला भिडलं. घरात आषाढ तळणं चालू होतं. कापण्या, भजी, गुलगुले. त्या महिन्यात आमच्याकडे कुणाचंच वजन कमी होत नाही, पण निदान नळी तरी उपवासाला असेल, अशी माझी समजूत होती.

आणि डास! एक डास साधारण अडीच मिलिग्रॅमचा. म्हणजे घासून घासून मी जेवढं वजन एका संध्याकाळी उतरवतो, तेवढं दोन डास शेपटावर बसून परत आणतात. त्यातून डास जेवून आलेला असला तर त्याचं वजन दुप्पट होतं आणि विमानाचा तोल मागे जातो. माझंच रक्त माझ्या विमानाला जड व्हावं, यापेक्षा मोठी शोकांतिका मराठी रंगभूमीवरही आलेली नाही.

जागेचा प्रश्न चातुर्मासाने सोडवला. मुहूर्त नाहीत, म्हणून मंगल कार्यालयं ओस पडलेली. एका कार्यालयाच्या व्यवस्थापकांना गाठलं.

"कार्य काय?"

"विमान उडवायचंय."

"वऱ्हाड किती?"

"एकच. 1.4 ग्रॅम."

"जेवण?"

"नको. पण पंखे बंद हवेत, एसी बंद हवा, दारं बंद हवीत, आणि कुणी फार हालचाल करू नये."

व्यवस्थापक खुर्चीत मागे टेकले. "अहो, याला आम्ही दहावा म्हणतो. त्याचा हॉल वेगळा आहे."

मी त्यांना जगाची उदाहरणं दिली. रोमानियात स्लानिक गावी मिठाची जुनी खाण आहे. जमिनीखाली 208 मीटर, दालनं 54 मीटर उंच, आणि बारा महिने तेरा काळ 12 अंश तापमान. तिथे या विमानांच्या जागतिक स्पर्धा होतात. अमेरिकेत इंडियाना राज्यात वेस्ट बेडन नावाचं हॉटेल आहे, त्याच्या 1902 सालच्या प्रचंड घुमटाखालीही झाल्यात. इंग्लंडात कार्डिंग्टनला अवाढव्य हवाई जहाजांसाठी बांधलेल्या गोदामांत लोकांनी वर्षानुवर्षं ही ग्रॅमभराची विमानं उडवली. व्यवस्थापकांनी सगळं ऐकून घेतलं. "मिठाच्या खाणीचं भाडं किती आहे?" त्यांनी विचारलं.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी, अंगावर काटा आणणारी घटना घडली. मी संपूर्ण विमान शेवटचं तोललं. 1.37 ग्रॅम! आनंदाच्या भरात बंगळुरूच्या एका जाणकारांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "सर, 1.4 ही किमान मर्यादा आहे. त्याहून कमी चालत नाही. पूर्वी 1.2 चालायचं, आता नाही. तीस मिलिग्रॅम वाढवा."

"वाढवू?"

"हो. नळी थोडी जाड घ्यायची. 0.24 ची असती तर प्रश्नच नव्हता."

0.24 ची! म्हणजे सराफाकडे नेलेली पहिली. घरभर शोधलं. ती मुलाकडे सापडली. तिच्यातून तो कागदाच्या गोळ्या फुंकून बाल्कनीतली कबुतरं हाकलत होता.

"म्हणजे आता जड करायचंय?" बायकोने विचारलं.

"थोडंसं."

"चार महिने पंखे बंद ठेवले, झाडू गेला, सुई गेली, नानकटाईत लाकूड गेलं. आता जड करायचंय." ती स्वयंपाकघरात गेली. आतून बराच वेळ भांड्यांचे आवाज येत राहिले. ते मिलिग्रॅममधले नव्हते. गणपतीसाठी आणलेल्या शाडूच्या मातीतला ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा मी नळीला चिकटवला. 1.4. इक्वाडोरचं लाकूड, लढाऊ विमानाचं बोरॉन, मे 1999 चं रबर, आणि वजनाला गणपतीची माती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात आम्ही घरचे, मेहुणे, व्यवस्थापक आणि शेजारचे काका जमलो. काका विमान म्हटलं की येतातच, कारण त्यांना एक गोष्ट सांगायची असते. "आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवलं होतं. राइट बंधू नंतरचे."

"त्यांनी नळी कशाची केली होती, काका?"

"नळीत पारा होता."

पारा! पाण्याच्या साडेतेरा पट जड! मी घाम पुसला. याचा पुरावा काका दर खेपेला पुढच्या खेपेला आणतो म्हणतात. मी त्यांना फ्रान्सच्या आल्फोंस पेनोचं सांगितलं. त्याने 1871 साली पॅरिसच्या बागेत रबरावरचं विमान 11 सेकंद उडवलं, आणि राइट बंधूंना वडिलांनी लहानपणी आणून दिलेलं उडतं खेळणंही त्याच पेनोच्या कल्पनेवरचं होतं. "त्याने तळपद्यांचं वाचलं असणार," काका म्हणाले.

पंखे बंद झाले. मी विमान हातातून सोडलं. सोडलं म्हणजे काय, हात खाली घेतला आणि ते तिथेच राहिलं. पंखा इतका सावकाश फिरत होता की पाती मोजता येत होती. माणसाच्या चालीहून मंद गतीने ते गोल गोल वर निघालं. नळी सरळ. शिवण शाबूत. मेहुणेसुद्धा गप्प होते. इतक्यात व्यवस्थापकांना पाहुण्यांची दया आली आणि त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायाने पंख्याचं एक बटण दाबलं.

विमान सरळ झुंबरात गेलं.

परदेशात अशा वेळी दोरीला बांधलेला हेलियमचा फुगा वर सोडून विमान अलगद वळवतात. मी धावत जाऊन फुगा आणला. दुकानात एकच शिल्लक होता, चंदेरी, त्यावर 'बाळाचं बारसं' लिहिलेलं. व्यवस्थापक म्हणाले, "बारसं असेल तर दर वेगळा पडेल." फुग्याने विमान सोडवलं खरं, पण पंख झुंबरात राहिले, शेपूट शिपायाच्या डोक्यावर पडलं आणि पडदा हवेत कुठे गेला तो दिसलाच नाही. नळी तेवढी अखंड खाली आली. तिला ओरखडाही नव्हता.

घरी परतताना मेहुणे म्हणाले, "नळी फारच भक्कम झाली. अजून थोडी हलकी करता आली असती."

तर वाचकांना विनंती. आपल्या ओळखीत उंच छताचा, झुंबर नसलेला आणि पंख्यांच्या बटणांना कुलूप लागणारा हॉल असेल, तर जरूर कळवा. भाडं रोख देईन. जेवण नको. बघायला यायचं असेल तर अवश्य या, फक्त सर्दी झालेल्यांनी आणि सल्ला देणाऱ्यांनी कृपया बाहेर थांबावं.